खोकल्याचं बटण

ट्विलाने वेंडलला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. ऐकलं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस आज माझा जीव घेणार!

त्याचं झालं असं. मे महिन्यातला शनिवार, आणि सकाळीच एक सर येऊन गेलेली. ओल्या रस्त्यावर मोटारींची शर्यत होत नाही, म्हणून ट्रकमागे जुने टायर बांधून ते फरफटत नेऊन रस्ता वाळवणं चाललं होतं, आणि बाकी सगळं हॅरल्सन स्पीडवे उकडलेल्या शेंगांच्या रांगेत उभं होतं. ट्विलाचे डॅडी, रॉस्को हडस्पेथ, प्रेक्षकांच्या छपरावर चढायला निघाले आणि ओल्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून घसरून गुडघा धरून थेट खाली बसले. दर शर्यतीत छपरावर उभं राहून लेकीच्या कानात सांगायचं काम त्यांचं. आतून गाडी येतेय, बाहेरून येतेय, आता मोकळं. पट्ट्यांत जखडलेल्या ड्रायव्हरला मान वळवून बघता येत नाही. छपरावर आपला माणूस नसेल तर गाडी रस्त्यावर सोडतच नाहीत.

तेवढ्यात रांगेतला एक लांबलचक माणूस शेजारच्याला म्हणाला, "तो धूर बघितलात? दोन मैलांवर. कुणीतरी ओला पाला जाळतंय. आग नाही ती."

रॉस्कोंनी मान वर केली. त्यांना धूरच दिसेना.

"ए बाबा! उंचीची भीती वाटते का तुला?"

"मी वनखात्याच्या मनोऱ्यावर नोकरी करतो, साहेब. दिवसभर वर बसून जंगलात कुठे आग लागते का बघायचं."

"मग बघतोस काय, चढ वर!"

इकडे ट्विला अडतीस नंबरच्या गाडीत बसलेली. स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याखाली एक बटण. ते दाबलं की तिचं बोलणं छपरावर जायचं—आणि छपरावरच कशाला, ड्रायव्हरांचं बोलणं पकडणारा स्कॅनर मांडीवर घेऊन बसलेल्या अर्ध्या गावाच्या कानात जायचं. तिसऱ्या रांगेतल्या चर्चच्या गायनमंडळाच्या मिसेस स्टॅम्पर तर शर्यत बघायच्या कमी आणि ड्रायव्हरांचं बोलणं ऐकायच्या जास्त! बटण सोडलं की मात्र हेल्मेटच्या आत काहीही बडबडा, कुणाला पत्ता नाही.

"मॅडम, मी वेंडल लॅकी बोलतोय," कानात आवाज आला. शांत, जरा जाड. "तुमच्या वडिलांनी पाठवलंय. त्यांचा गुडघा—"

"जिवंत आहेत ना?"

"शेंगा खातायत."

"मग बास. गाडी कुठे आहे तेवढं सांगा."

हिरवा झेंडा पडला. दुसऱ्या वळणावर आवाज आला, "मॅडम, एक निळी गाडी तुमच्या आग्नेयेला आहे."

"कुठे?"

"आग्नेयेला… आता दक्षिणेला सरकली… आता—"

"अहो, मी गोल फिरतेय! माझी दक्षिण दर पाच सेकंदांनी बदलते! आत की बाहेर, एवढंच बोला!"

मिसेस स्टॅम्पर इतक्या हसल्या की त्यांच्या हातातल्या शेंगा सांडल्या. मग अगदी आज्ञाधारकपणे, "आत… आत… अजून आतच… मोकळं."

त्या दिवशी ट्विला चौथी आली. हेल्मेट काढून बाहेर पडते तो शिडीपाशी तो उभा. हातात कागदी पुडी आणि चेहऱ्यावर शाळेत उशिरा आलेल्या पोराचा भाव.

"तुम्हीच का ते आग्नेय?"

"हो." त्याने पुडी पुढे केली. "गार झाल्यात. पण अर्ध्या ठेवल्या तुमच्यासाठी."

तिने एक शेंग फोडली. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, आणि त्याच्या पापण्यांवर दोन-तीन थेंब तसेच बसले होते. ते त्याने पुसले नाहीत, आणि तिने बघणं थांबवलं नाही.

"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल," तो म्हणाला.

"आणि मला वाटलं होतं तुम्ही शहाणे असाल!"

पुढच्या शनिवारी तो आपण होऊन आला. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शनिवारी 'अहो' गेलं, 'मॅडम' गेलं. डॅडींचा गुडघा बरा झाला तरी डॅडी काही छपरावर चढले नाहीत. म्हातारा बेरकी होता!

अशी चार वर्षं गेली. आठवडाभर मनोऱ्यावर, शनिवारी छपरावर. त्याचा आवाज कानात असला की ट्विला तीन गाड्यांच्या फटीतून डोळे मिटून गाडी काढायची. आणि बटण सोडून हेल्मेटच्या आत तिची जी बडबड चालायची, ती काय सांगावी! "निळा शर्ट घालून आलाय. कुणी सांगितलं याला निळा शोभतो म्हणून? लक्ष लागेल का आता माझं?" बटण मात्र कधी दाबलं नाही. दाबणार कसं? तिसऱ्या रांगेत मिसेस स्टॅम्पर!

आणि खाली, समोरासमोर? तिथे तर दोघांचीही दातखीळ बसायची. शर्यतीआधी तो तिच्या खिडकीची जाळी लावून द्यायचा. लावताना बोटं बोटांना लागायची, आणि मग दोघंही जाळीत काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी तिच्याकडेच बघत राहायची. डॅडी मागे उभे राहून कपाळाला हात लावायचे.

मग गेल्या सप्टेंबरात पुढच्या गाडीचा टायर फुटला. "वर जा, वर!" वेंडल कानात ओरडला. ती वर, म्हणजे रस्त्याच्या बाहेरच्या कडेला गेली, पण तिथे जागा नव्हती. होती ती भिंत.

मान वाचली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं—असा दुसरा धक्का बसला तर हात हलणार नाहीत. गाडी चालवणं बंद. शर्यतीतलंच नव्हे तर शर्यतीच्या सरावातलंसुद्धा.

वेंडल दवाखान्यात आला तेव्हा ती छताकडे बघत पडली होती. मानेला पट्टा, दुसरीकडे बघायची सोयच नव्हती.

"मी 'वर' म्हणालो," तो म्हणाला. "खाली म्हणायला हवं होतं."

"खालीही गाडी होती. मला माहीत आहे. तुझी चूक नाही."

"मग… शनिवारी येऊ घरी?"

"कशाला? आता तुला शिडी चढायचं काही कारण उरलं नाही, वेंडल. कीव करायला कुणी यायची गरज नाही. जा तू."

त्याने तिची चादर सरळ केली. मग "बरं" म्हणाला आणि गेला. खरंच गेला! चार वर्षं ज्याने तिचा शब्द न् शब्द ऐकला, त्याने हाही ऐकला. या एका वेळी न ऐकता तिथेच बसून राहिला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? त्या संध्याकाळी ट्विला खूप रडली. मानेमुळे कुशीवर वळता येईना, म्हणून पाणी सगळं कानात गेलं.

महिन्याभरात तिने रडणं संपवलं. अडतीस नंबरवर डॅडींनी ताडपत्री टाकली, त्याच दिवशी ती गावातल्या रेडिओ केंद्रावर जाऊन उभी राहिली. ऑरव्हिल टेटकाका चाळीस वर्षं स्पीडवेचं समालोचन करत होते. इंजिनांच्या आवाजाने त्यांचा एक कान पार गेला होता आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं.

केंद्राच्या मालकीणबाई मिसेस पर्डी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बायकांचा आवाज इंजिनांवर चढत नाही म्हणतात लोक."

"मी डॅडींना जेवायला हाक मारते ती लोकांनी ऐकलेली नाही."

मिसेस पर्डींचे ओठ जरासे हलले. "मार्चमधली पहिली शर्यत. एक दुपार देते तुला. जमलं तर तुझी जागा. नाही जमलं तर शार्लटहून एक मुलगा येतो म्हणतोय, मधासारखा आवाज आहे त्याचा."

नाही जमलं तर—या विचारानेच तिच्या अंगावर काटा आला. सातव्या वर्षापासून जिथे कुंपणाच्या आत वाढली, तिथे उद्या तिकीट काढून बाहेरच्या बाकावर बसायचं? त्यापेक्षा गावच सोडलेलं बरं.

मग सुरू झाली तयारी. लाकडी डाव तोंडासमोर धरून ती स्वयंपाकघरात उभी राही. "रॉस्को हडस्पेथ आतल्या बाजूने मिठाकडे निघालेत! डॉक्टरांनी मनाई केलेली आहे, पण हा गडी ऐकत नाही!" डॅडी मीठ खाली ठेवत. रविवारी चर्च सुटलं की बाहेर पडणाऱ्या मोटारींचं समालोचन. "मिसेस स्टॅम्पर बाहेरून आल्या, आणि पाद्रीबाबांना मागे टाकलं!" हिवाळाभर घसा बसेपर्यंत बोलली. वही भरून वाक्यं लिहिली, गाडी न् गाडीची माहिती पाठ केली. मान उजवीकडे वळायची नाही ती नाहीच, पण आवाज मात्र चढला.

मार्चचा तो शनिवार उजाडला. छपरावरच्या काचेच्या खोलीत ती शिडी चढून एकटीच गेली. कुणी हात दिलेला आवडणार नाही असा तिचा चेहरा होता. समोर मायक्रोफोन आणि मायक्रोफोनशेजारी एक लाल बटण.

"हे खोकल्याचं," ऑरव्हिलकाका म्हणाले, आणि तेवढ्यात पाद्रीबाबांची प्रार्थना सुरू झाली म्हणून टोपी काढून उभे राहिले. पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

आता गंमत बघा. गाडीतलं बटण दाबलं की आवाज जातो. इथलं बटण उलटं. माइक कायम चालूच असतो. खोकला आला, चहाचा घोट घ्यायचा झाला, तर बटण दाबून तो तेवढ्यापुरता बंद करायचा. पण ट्विलाच्या डाव्या अंगठ्याला हे कोण सांगणार? बावीस वर्षांची सवय. हिरवा झेंडा पडला आणि अंगठा आपसूक बटणावर जाऊन बसला. इंजिनांचा आवाज नीट यावा म्हणून तिने हेडफोन गळ्यात टाकले होते, त्यामुळे तिलाही काही कळेना.

अंगठा दाबून ती खणखणीत बोलली, "नमस्कार मंडळी, वसंताची पहिली दुपार आणि चोवीस गाड्या!" हिवाळाभर घोकलेलं वाक्य. ते कुणीही ऐकलं नाही.

अंगठा सोडून ती पुटपुटली, "घसा कोरडा पडलाय. देवा, आवाज फाटू देऊ नकोस." हे सगळ्या परगण्याने ऐकलं.

ऑरव्हिलकाकांना त्या बाजूच्या कानाने ऐकू येत नव्हतं. पोरगी घाबरलीय वाटतं, असं समजून ते आपले बोलत राहिले. आणि मधेमधे, अंगठा सुटला की, घराघरांतल्या रेडिओतून ट्विलाची बडबड यायला लागली.

"बावीस नंबर, अरे ढोल्या, तुझा पुढचा उजवा टायर संपलाय! आवाज येत नाही का कानात? तीन फेऱ्या. फार तर तीन."

तिसऱ्या फेरीला बावीस नंबर भिंतीला जाऊन घासला. गावात न्हाव्याच्या दुकानात वस्तरा हवेतच थांबला.

"ऑरव्हिलकाका गोड आहेत, पण आत्ता शर्यतीतल्या दोघा भावांची नावं उलटसुलट सांगितली त्यांनी."

मग तिची नजर काचेपलीकडे गेली. तिथे छपराच्या कठड्याशी ड्रायव्हरांच्या कानात सांगणारे सगळे स्पॉटर ओळीने उभे होते, प्रत्येकाचे डोळे आपापल्या गाडीवर. आणि टोकाला एक लांबलचक माणूस, ज्याची त्या रस्त्यावर एकही गाडी नव्हती. कानाला छोटा रेडिओ लावून तो नुसता ऐकत उभा होता.

ट्विला खुर्चीतून अर्धी उठली. अंगठा सुटला तो सुटलाच.

"आला… सहा महिने! सहा महिन्यांत एक फोन नाही. नको म्हटलं तर खरंच येत नाही, असा कुठे माणूस असतो का? मी रोज खिडकीत बसून रस्त्याकडे बघतेय आणि हा बसलाय मनोऱ्यावर. आणि दाढी वाढवून आलाय. बघा तरी… शोभतेय मेल्याला. कर्म माझं, फार शोभतेय!"

काचेपलीकडे वेंडल गर्रकन वळला. तिसऱ्या रांगेत मांडीवर रेडिओ घेतलेल्या मिसेस स्टॅम्पर शर्यतीकडे पाठ करून, मान वर करून छपराकडे बघायला लागल्या.

वेंडल टक लावून बघत होता. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते, अंगठा दाबलेला आणि रेडिओवर काही नाही. अंगठा वर आला, आणि रेडिओवर त्याची दाढी. दूरवरचा धूर ओळखणाऱ्या माणसाला हे ओळखायला किती वेळ लागणार? तो काचेपाशी आला, टकटक केली. तळहातावर अंगठा दाबून दाखवला आणि ओठांवर बोट ठेवलं. अंगठा उचलला आणि तोंड उघडून दाखवलं. मग पुन्हा एकदा.

ट्विलाने बटणाकडे पाहिलं. वेंडलच्या हातातल्या रेडिओकडे पाहिलं. टायर, भाऊ, दाढी… सगळं गेलं होतं. परगणाभर! अठरा फेऱ्या संपल्या होत्या, बासष्ट उरल्या होत्या, आणि दार तिच्या पाठीशीच होतं.

पण गाडी घसरायला लागली की पाय ब्रेकवर आदळायचा नसतो. ती घसरते तिकडेच चाकं वळवायची असतात. हे तिला सातव्या वर्षापासून माहीत होतं. तिने अंगठा उचलला, डावा हात सरळ मांडीखाली दाबून त्यावर बसली, वही बंद केली आणि माइक जवळ ओढला.

"हॅरल्सन स्पीडवेवरून ट्विला हडस्पेथ बोलतेय. मंडळी, जे सांगायचं ठरवलं होतं ते तुम्ही कुणीच ऐकलं नाही, आणि जे सांगायचं नव्हतं ते सगळ्यांनी ऐकलं. गाडीतलं बटण आणि इथलं बटण उलटं असतं, हे मला आत्ता कळलं. तर आता एवढंच—टायरचं बोलले ते खरं होतं, आणि दाढीचं बोलले तेही खरं होतं. मिसेस स्टॅम्पर, पुढे बघा. तिसऱ्या वळणावर गंमत होणार आहे."

तिसऱ्या वळणावर गंमत झाली. आणि मग ट्विला जी सुटली! हेल्मेटच्या आत बोलायची तशीच बोलली. कोण घाबरलाय, कोण नुसतं सोंग करतोय, कुणाच्या इंजिनाला कफ झालाय. शार्लटच्या मधाला सात जन्मांत जमलं नसतं असं. ऑरव्हिलकाका आपलं बोलणं विसरून नुसते ऐकत बसले. आता त्यांनी चांगला कान तिच्याकडे केला होता.

सत्तराव्या फेरीला ते उठले आणि दार उघडून ओरडले, "ए दाढीवाल्या, आत ये! हिची मान उजवीकडे वळत नाही, चौथं वळण दिसत नाहीये पोरीला. उभा राहा तिथे आणि सांग तिला!"

वेंडल आत आला. तिच्या उजव्या खांद्यापाशी वाकला. ओल्या पाइनच्या लाकडाचा वास आला.

"तीन गाड्या शेजारी शेजारी," तो कानात कुजबुजला. "नैऋत्येला."

"वेंडल!"

"आत. आत. निळी पुढे निघाली."

"निळी पुढे निघाली, मंडळी!"

तेवढ्यात कुणाचं तरी बंपर रस्त्यावर पडलं आणि पिवळा झेंडा निघाला. गाड्या सावकाश रांगेने फिरायला लागल्या. ट्विलाने मांडीखालचा हात काढला आणि त्या दुपारी पहिल्यांदाच, समजून उमजून, अंगठ्याने बटण दाबलं. ऑरव्हिलकाकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या माइकचं बटण दाबलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

रेडिओवर नुसती इंजिनं ऐकू येत राहिली.

"का नाही आलास रे?"

"तू नको म्हणालीस."

"गाडीत मी चूक बोलले की दुरुस्त करायचास ना?"

"तेव्हा तुझ्या गाडीचा प्रश्न असायचा. हा माझा होता… भीती वाटली. खरंच नको असेन तर?"

"वेडा आहेस." तिला त्याच्याकडे वळता येत नव्हतं, म्हणून ती खुर्चीसकट वळली. "ऐक. मला तू हवा आहेस, वेंडल. छपरावरचा नाही. स्वयंपाकघरातला, रविवारचा, दाढीचा, बिनदाढीचा, कसाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर. चार वर्षं सांगतेय, बटण न दाबता."

त्याने तिचा मोकळा हात हातात घेतला. या वेळी मधे जाळी नव्हती.

"माझंही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तू माझ्यावर ओरडलीस ना, तेव्हापासून."

"मग आता सोड हात. हिरवा झेंडा येतोय."

त्याने सोडला नाही. तिने अंगठा उचलला आणि शेवटच्या फेऱ्या तशाच, एक हात त्याच्या हातात ठेवून सांगितल्या. निळी गाडी अर्ध्या बंपरने जिंकली, आणि ट्विलाचा आवाज इंजिनांच्या वर चढला तो टेकडीपलीकडे ऐकू गेला असेल.

मिसेस पर्डी केंद्रावरून गाडी हाणत आल्या आणि धापा टाकत शिडी चढल्या.

"दोन तास फोन खाली ठेवता आला नाही मला," त्या म्हणाल्या. "अर्धे लोक विचारतायत ही बाई कोण, आणि अर्धे विचारतायत तो दाढीवाला काय म्हणाला. जागा तुझी. पण ते मेलं बटण मी उद्याच्या उद्या काढून टाकते."

"नको," ट्विला म्हणाली. "राहू दे. मला लागेल."

"कशाला?"

ट्विलाने वेंडलकडे पाहिलं. तो लांबवर, नसलेल्या धुराकडे फार लक्ष देऊन बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"खोकल्याला," ती म्हणाली.

त्या सबंध मोसमात ट्विलाला खोकला फार झाला. पिवळा झेंडा निघाला, रेडिओवर नुसती इंजिनं ऐकू यायला लागली की तिसऱ्या रांगेतल्या मिसेस स्टॅम्पर शेंगांची पुडी बाजूला ठेवायच्या आणि सरळ मागे वळून काचेच्या खोलीकडे बघत बसायच्या.